जिथे हात पोहोचतो, तिथे चष्मा कशाला?

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवून शाळेस काही स्थायी स्वरूपाची भेट द्यावी, असा विचार अनेकांनी गेल्या वर्षभरात बोलून दाखविला. त्यांतील एक सूचना वारंवार कानी आली. शाळेत ‘आभासी वास्तवा’चा एक सुसज्ज कक्ष असावा, तीस मुले एकाच वेळी बसू शकतील इतके संच घ्यावेत आणि विज्ञान, भूगोल व इतिहास हे विषय यापुढे त्या कक्षात शिकवावेत, अशी ती सूचना. मुले या उपकरणास सरळ ‘व्हीआरचा चष्मा’ म्हणतात. तो डोळ्यांवर चढविला की भोवतालची खोली नाहीशी होते आणि मान वळवावी तसे दृश्यही वळते. पाहणारा चित्राच्या समोर राहत नाही; तो चित्राच्या आत उभा असतो.

सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. ज्या मुलांच्या आईवडिलांना जिल्ह्याबाहेरचे जग पाहण्याची संधी मिळाली नाही, त्या मुलांपुढे सारे जग आणून ठेवावे, अशी त्यांची तळमळ आहे. मी या सूचनेच्या विरोधात नाही. परंतु ज्या स्वरूपात ती मांडली जात आहे, त्या स्वरूपात ती स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका मित्राने एवढ्यावरून मला ‘जुन्या वळणाचा’ ठरविले. ठरवो बापडा. प्रश्न जुन्या-नव्याचा नसून आपल्या मुलांच्या वाट्याला काय यावे, याचा आहे.

मी कफ परेडच्या मच्छीमार नगराच्या परिसरातून आपल्या वसतिगृहात आलेला विद्यार्थी. आजही त्याच वस्तीत सायंकाळी मुलांचा अभ्यास घेतो. म्हणून माझी उदाहरणे तिथलीच असतील, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. एका अंगाला वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा आणि दुसऱ्या अंगाला बॅकबेचे पाणी, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती आहे. बाहेरच्या जगाला तिचे नाव ठाऊक झाले ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे. दहशतवादी रबरी होडीतून याच किनाऱ्यावर उतरले. त्या अनोळखी तरुणांना वस्तीतल्या माणसांनी हटकले होते, ही गोष्ट मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते. किनाऱ्यावर आपले कोण आणि परके कोण, हे इथल्या माणसास चटकन उमगते, कारण तो रोज पाहतो. रोजच्या पाहण्यातून येणाऱ्या या शहाणपणाचे शाळेने काय करायचे, हा माझ्या दृष्टीने या चर्चेतला पहिला प्रश्न आहे.

भरती-ओहोटीचेच घ्या. कोकणपट्टीतल्या दर्यावर्दी माणसाला भरतीची वेळ काढण्यास छापील कोष्टक लागत नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास पूर्ण होते. त्यानंतर तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आपल्या आजोबांच्या पिढीने पाठ केलेल्या पाऊणकीच्या पाढ्याचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. भरती दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, त्याचाच हा तोंडी हिशेब. काही मिनिटांचा फरक पडतो, पण होडी सोडणाऱ्याला तेवढी अचूकता पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणायचे आणि अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला भांग, हेही वस्तीतल्या दहा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते.

हाच मुलगा शाळेत आला आणि भूगोलाच्या तासाला बसला की त्याच्यापुढे एक आकृती येते. सूर्य, पृथ्वी व चंद्र एका रेषेत, पृथ्वीभोवती अंडाकृती पाणी. ती आकृती तो वहीत उतरवून घेतो, परीक्षेत काढून दाखवितो आणि पूर्ण गुणही मिळवितो. परंतु या अंडाकृतीचा आपल्या पाऊणकीशी काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. घरचे ज्ञान घरी आणि शाळेचे शाळेत, अशी दोन दप्तरे तो वागवीत राहतो.

इथे मात्र मी त्या चष्म्याचा पक्ष घेईन. पृथ्वीच्या बाहेर उभे राहून तिला फिरताना पाहता आले, आपला किनारा तिच्यावर ठिपक्यासारखा दाखविता आला, तो ठिपका पाण्याच्या एका फुगवट्यातून दुसऱ्यात जाताना पाहता आला, तर दिवसातून दोनदा भरती का येते हे मुलाला सांगावे लागणार नाही. पृथ्वीची एक फेरी पुरी होईतो चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. ठिपक्याला त्याच्याखाली येण्यास आणखी पन्नासेक मिनिटे लागतात. पाऊणकीचे कोडे तिथे सुटते. अशा जागी कोणतीही सहल मुलांना नेऊ शकत नाही आणि फळ्यावरची आकृती कितीही सुबक असली तरी ती फिरत नाही.

वरळीचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले, तेव्हा घुमटाखालचे खोटे आकाश मुलांना कशाला दाखविता, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. मुंबईच्या दिव्यांनी खरे आकाश केव्हाच झाकून टाकले होते. जे हाताच्या, पायाच्या आणि साध्या नजरेच्या पलीकडे आहे, ते दाखविण्यासाठी माणसाने नेहमीच युक्त्या केल्या. हृदयाच्या झडपा, पेशीचे अंतरंग, ज्वालामुखीचे मुख, समुद्राचा तळ, हे सारे त्या चष्म्याचे न्याय्य क्षेत्र आहे.

याच्या उलट बाजू पाहा. शालेय वापरासाठी मिळणाऱ्या आभासी सफरींत खारफुटीच्या जंगलाची सफर असते. कफ परेडच्या मुलाला खारफुटी पाहायची असेल तर चार पावले चालावे लागते. चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, त्यांच्यामधून उड्या मारणारे निवटे, ओहोटीच्या वेळचा तो आंबट-खारट वास, पायाला चिकटणारा गाळ आणि, खरे सांगायचे तर, शहराने आणून टाकलेला प्लास्टिकचा कचरा, हे सारे तिथे आहे. चष्म्यातल्या खारफुटीत कचरा नसतो. तिथला चिखल पायाला लागत नाही. ती पाहून आलेले मूल खारफुटीविषयी बोलू लागेल, पण आपल्या किनाऱ्यावरच्या खारफुटीचे काय होते आहे, हे ते विचारणार नाही.

आपल्या वसतिगृहाची रचना या बाबतीत मोठी उपकारक आहे. मराठवाड्यातून आलेल्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो आणि आमच्या वस्तीतल्या मुलाने ज्वारीचे उभे पीक पाहिलेले नसते. दोघांच्या खाटा शेजारी असतात. माझ्या वेळी दिवे मालवल्यावर या दोन मुलखांची जी देवाणघेवाण चाले, तिच्यातून मला विहीर, मोट आणि दुष्काळ हे शब्द कळले. बोंबील ओला असताना कसा मऊ असतो आणि काठीवर वाळल्यावर कसा कडक होतो, हे मी समजावून सांगितले. ज्याला सांगावे लागते, तो स्वतःही नीट पाहू लागतो. चष्मा चढविलेली तीस मुले एका खोलीत बसली तरी एकमेकांना दिसत नाहीत. शिक्षकांनाही त्यांचे डोळे दिसत नाहीत, आणि कोणाला कळले नाही हे डोळ्यांवरूनच कळत असते. महानगरपालिकेच्या शाळांत २०११ च्या सुमारास ‘व्हर्च्युअल क्लासरूम’ आली, तीत एका ठिकाणचा शिक्षक अनेक शाळांतल्या पडद्यांवर दिसे. त्या व्यवस्थेच्या मर्यादा होत्या. तरी वर्गातली मुले निदान एकत्र बसून तो पडदा पाहत होती आणि एकमेकांना कोपरखळी मारू शकत होती.

हे केवळ माझे मत नाही. कोपनहेगन विद्यापीठातील गुइडो माक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विज्ञानाच्या प्रयोगशाळेचा एकच आभासी पाठ विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी एकदा साध्या संगणकाच्या पडद्यावर आणि एकदा चष्म्यातून केला. चष्म्यातून पाहताना आपण खरोखर प्रयोगशाळेत आहोत, असे विद्यार्थ्यांना अधिक वाटले. शिकले मात्र ते कमी. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियात जोसेलिन परॉन्ग व रिचर्ड मेयर यांनी रक्तपेशींवरचा पाठ काही विद्यार्थ्यांना चष्म्यातून आणि काहींना साध्या स्लाइडवरून दिला. चष्मेवाल्यांना पाठ अधिक आवडला, चाचणीत स्लाइडवाले पुढे गेले. पण त्याच संशोधकांनी पुढे पाठाचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर चष्मा काढून जे पाहिले त्याचा सारांश लिहावयास सांगितले, तेव्हा तसे लिहिणारे नुसते पाहणाऱ्यांपेक्षा पुढे गेले. हे प्रयोग प्रौढ विद्यार्थ्यांवर आणि अल्पकाळ झाले, ही गोष्ट खरी. त्यांवरून आपल्या सातवीच्या वर्गाविषयी अंतिम निर्णय देता येणार नाही. तरीही त्यांतून आपल्या गुरुजनांना नवे काही वाटू नये. ‘पाहिलेस ना? आता वहीत लिही,’ हे आपल्याला शाळेत कितीदा ऐकावे लागले होते!

शरीराचीही एक बाजू आहे, आणि ती होडीत वाढलेल्या मुलास समजावणे सोपे जाते. नवखा माणूस समुद्रात गेला की त्याला बोट लागते. आतल्या कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलतो आहोत आणि होडीवर खिळलेले डोळे सांगतात की सारे स्थिर आहे. या भांडणात पोट ढवळते. चष्म्यात हेच उलट होते. डोळे धावत्या दृश्यात असतात आणि शरीर खुर्चीत निश्चल असते. म्हणून कित्येकांना गरगरते, डोके दुखते. हे संच विकणाऱ्या मेटा या बड्या कंपनीने पूर्वी तेरा वर्षांखालील मुलांना आपले उपकरण वर्ज्य ठेवले होते. २०२३ मध्ये ती मर्यादा पालकांच्या देखरेखीखाली दहा वर्षांवर आणली. आपल्या प्राथमिक वर्गांतील मुले अर्थात या हिशेबाच्या बाहेरच राहतात, याची नोंद पालकांनी घ्यावी.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतो.

मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले होते. प्रत्यक्षात तीन वर्षे कोणी त्या पाण्याला हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा त्या कागदी हक्काची कसोटी लागली. तळे दुरून दिसतच होते. त्याचे वर्णन करता येत होते, त्याचा नकाशाही काढता येत होता. प्रश्न पाहण्याचा नव्हता. ओंजळ भरण्याचा होता.

ज्या समाजाचा इतिहास असा आहे, त्याने आपल्या मुलांच्या शिक्षणात ‘प्रत्यक्षाऐवजी प्रतिमा’ हा सौदा सहजासहजी मान्य करू नये. आज उघडपणे कोणी कोणाला अडवीत नाही, परंतु पैशाची भिंत आहे. संपन्न शाळांची मुले समुद्रकिनारी शिबिरे करतात, वेधशाळा पाहतात, प्रयोगशाळेत बेडकाच्या हृदयाची प्रतिकृती हातात धरतात, आणि त्यांच्या शाळेत तो चष्माही असतो. त्यांच्या बाबतीत चष्मा ही भर असते. आपल्या बाबतीत तो पर्याय ठरण्याचा धोका आहे. ‘सहलीला लाखभर रुपये कशाला घालवायचे, चष्म्यात रायगड दिसतोच की,’ हे वाक्य मी एका चर्चेत ऐकले. बोलणारा सद्‌गृहस्थ होता, आपलाच होता. रसायनांची बाटली विकत घेण्यापेक्षा आभासी प्रयोग स्वस्त पडतो, हा हिशेबही मांडला जाईल. काही प्रयोगांपुरता तो योग्यही असेल. पण ज्या मुलाने खरी परीक्षानळी कधी फोडली नाही, त्याला काचेचे वजन कळणार नाही.

जिथे चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागते, तिथल्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडविला, तेही पाहण्यासारखे आहे. एडविन लिंक या अमेरिकी गृहस्थाने १९२९ मध्ये वैमानिकांसाठी एक कृत्रिम विमान बनविले. वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून त्याने ते डोलविले. आज वैमानिकांचे आणि नाविकांचे प्रशिक्षण सिम्युलेटरवाचून होत नाही. नाविकांच्या प्रशिक्षणाविषयी १९७८ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात १९९५ साली सुधारणा झाल्या आणि रडारचे शिक्षण सिम्युलेटरवर घेणे सक्तीचे झाले. तरी मुंबईच्या नौवहन संस्थांतून शिकलेल्या कोणाही अधिकाऱ्यास विचारा. प्रत्यक्ष समुद्रावर काढलेल्या महिन्यांची नोंद असल्याखेरीज परवाना मिळत नाही. खोट्या वादळात शंभर वेळा जहाज सांभाळले तरी खऱ्या समुद्रावरचे दिवस माफ होत नाहीत. आपल्या शाळेलाही हाच दंडक लावता येईल.

अजिंठ्याचे उदाहरण आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात आरंभिले. त्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत बहुतांशी भस्मसात झाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून ते काम पुन्हा करवून घेतले. त्यांतील बऱ्याच प्रतिकृतींचाही १८८५ मध्ये लंडनलाच आगीत नाश झाला. ज्या उरल्या, त्या आज मोलाच्या आहेत, कारण मूळ भिंतींवरचे चित्रण त्यानंतर आणखी झिजले. प्रतिकृतीला तुच्छ लेखण्याचे कारण नाही, हे यावरून दिसते. पण त्या प्रतिकृतींपासून सर्वाधिक कोण शिकले असेल? पेस्तनजी बोमनजींसारखे जे विद्यार्थी मंद उजेडात महिनोन्‌महिने बसून रेषेमागे रेष गिरवीत होते, ते. करणारा शिकला, पाहणाऱ्याला चित्र मिळाले.

याच अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानी अर्थसाहाय्यातून अभ्यागत केंद्र उभे राहिले आणि २०१३ मध्ये ते सुरू झाले. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्याच्या प्रतिकृती तिथे करण्यात आल्या. माणसांच्या श्वासाने व घामाने मूळ चित्रांची हानी होते, तेव्हा अभ्यास प्रतिकृतीत करावा आणि मूळ लेण्यात थोडाच वेळ जावे, हा विचार उत्तम होता. काही वर्षांतच वीज व पाण्याची देयके थकल्यामुळे ते केंद्र बंद ठेवण्याची पाळी आली. कल्पना फसली नव्हती, बांधकाम फसले नव्हते; महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या देयकाचा विचार कोणी केला नव्हता.

निधी-समितीतील बंधू-भगिनींनी या प्रसंगाचे मनन करावे. संच विकत घेण्याची पावती एकदाच फाडावी लागते. त्यानंतर बॅटऱ्या निकामी होतात, पट्टे तुटतात, काचांवर चरे पडतात, एका मुलाच्या घामाने भिजलेला फोम दुसऱ्याच्या डोळ्यांवर चढविण्यापूर्वी पुसावा लागतो. ज्या शिक्षकाने हौसेने सारे शिकून घेतलेले असते, त्याची नेमणूक अन्यत्र होते आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारण्याची वेळ येते. शिवाय पाठ पुरविणारी कंपनी दूरदेशी असते. गुगलने २०१५ मध्ये ‘एक्स्पिडिशन्स’ या नावाने शाळांसाठी आभासी सफरी सुरू केल्या. पुठ्ठ्याच्या स्वस्त चष्म्यातून त्या पाहता येत आणि जगभरच्या शिक्षकांनी त्यांवर आपले पाठ बेतले. २०२१ मध्ये कंपनीने ते सारे बंद केले. तक्रार करण्यास जागाच नव्हती, कारण ते फुकट होते.

आणखी एक बाब. मुंबईत हल्ली पुनर्विकासाच्या सभेत रहिवाशांना ‘वॉकथ्रू’ दाखवितात. पडद्यावर आपण आपल्याच भावी इमारतीच्या दारातून आत शिरतो, लिफ्टने वर जातो, खिडकीतून समुद्र पाहतो. मंडळी भारावून जातात. अशा चित्रात मासळी सुकविण्याची जागा बहुधा नसते. जाळी विणायला ओटा नसतो. होडी ओढून घ्यायला उतार नसतो. पाण्याचा दाब, देखभालीचा मासिक खर्च, आठव्या मजल्यावर टोपली कशी न्यायची, यांपैकी काही त्यात दिसत नाही. कफ परेडच्या किनाऱ्याला भराव घालून मोठे उद्यान करण्याची योजना पुढे आली, तेव्हा मच्छीमारांनी तिला विरोध केला. नकाशावर जी जागा नुसती निळी दिसत होती, ती त्यांची मासेमारीची जागा होती. आपल्या मुलांच्या पिढीला असे आभासी नकाशे आणि आभासी घरे पावलोपावली दाखविली जाणार आहेत. हे जग कोणी रचले, त्याने त्यात काय घातले, काय वगळले आणि कोणाच्या सोयीसाठी, हे विचारण्याची सवय शाळेने लावली नाही, तर दुसरे कोण लावणार? आपल्या परंपरेत ‘एहिपस्सिको’ म्हणजे ‘ये आणि स्वतः पाहा’ असे आवाहन आहे. त्यातला ‘स्वतः’ चष्मा चढविल्याने आपोआप साधत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की शाळेने प्रेक्षक होऊन थांबू नये. तीस संचांऐवजी पाच घ्यावेत. वाचलेल्या रकमेतून सर्व दिशांचे दृश्य एकाच वेळी टिपणारा एक कॅमेरा घ्यावा आणि एक चांगला संगणक. मराठीत या माध्यमासाठी पाठ फारच थोडे आहेत. जे आहेत त्यांतले बरेच भाषांतरित आहेत, त्यांतले समुद्र परके आहेत आणि मासे अनोळखी. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले; त्याच्या जाळ्यात सापडण्यापासून ससून डॉकच्या लिलावापर्यंतचा प्रवास आमच्या वस्तीतली मुले चित्रित करू शकतील, आणि तेही आपल्या बोलीत. मराठवाड्यातल्या मुलांनी आपली विहीर, आपला बाजार, आपली ऊसतोडीची वाट चित्रित करावी. त्यासाठी त्यांना ठरवावे लागेल की कॅमेरा कुठे ठेवायचा, कोणाला विचारून ठेवायचा, काय दाखवायचे आणि काय दाखविणे योग्य नाही. पाहुण्या छायाचित्रकारांनी मच्छीमार नगराची पुष्कळ छायाचित्रे काढली आहेत. होडी पुढे आणि गगनचुंबी इमारत मागे, हे त्यांचे आवडते दृश्य. होडीतून इमारतीकडे पाहिले तर काय दिसते, ते अजून कोणी दाखविलेले नाही. भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कफ परेडपर्यंत आली; किनारा जसा आहे तसा आणखी किती वर्षे राहील, याचा भरवसा मी देऊ शकत नाही.

पाच संच पुरतील का, असे विचारले जाईल. पुरतील. पाच मुले पाहतात, तेव्हा उरलेली ऐकतात; पाहणाऱ्याने बोलून सांगायचे, ऐकणाऱ्याने लिहून घ्यायचे, मग पाळी बदलायची. एका वेळी दहा मिनिटांहून अधिक नको. ज्याला गरगरते त्याला सक्ती नको, आणि त्यासाठी त्याची थट्टाही नको. भरतीचा पाठ असेल तर आधी पंधरा दिवस मुलांनी तिथी व वेळ यांची नोंद ठेवावी, मगच चष्मा चढवावा. अजिंठ्याचा असेल तर चष्मा आधी आणि लेणे नंतर, म्हणजे मंद उजेडात मिळणारी थोडकी मिनिटे ‘कुठे पाहू’ यात वाया जाणार नाहीत. त्या प्रत्यक्ष सहलीचा खर्च मात्र याच निधीतून वेगळा काढून ठेवावा आणि तो दुसरीकडे वळविता येणार नाही, अशी नोंद ठरावात असावी. जितके रुपये यंत्रावर, तितके प्रवासावर, हे प्रमाण मी सुचवीत आहे. तिसरा भाग देखभालीचा. तो मुदत ठेवीत राहावा.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांनी वापरलेले संच पाठविण्याची तयारी दाखविली आहे. त्यांचे आभार मानून एवढेच कळवावे की जुन्या संचांना नवे पाठ चालतात की नाही, हे तपासूनच ते पाठवावेत. अन्यथा सीमाशुल्क भरून आपण भंगार सोडवून घेऊ.

पहिल्या चित्रीकरणाविषयी वस्तीतल्या दोन नाखव्यांशी मी बोललो आहे. मुलांना होडीवर घेण्यास त्यांची ना नाही. जून-जुलैचा मासेमारीबंदीचा काळ सोडावा लागेल, त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि समुद्रही मुलांना नेण्याजोगा नसतो. नारळी पौर्णिमेनंतर वारा पडला की कळवतो, असे ते म्हणाले. तोवर पोहता येणाऱ्या मुलांची यादी वसतिगृहाने करावी, आणि अंगरक्षक जॅकेटांची किंमत निधीच्या अंदाजपत्रकात धरावी. मी पाहिलेल्या मसुद्यात ती धरलेली नाही.